‘व्हिटल्स’ म्हणजे नेमके काय? एका जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उगम

प्रश्न असा आला आहे : सतराव्या-अठराव्या शतकातली इंग्रजी प्रवासवर्णने वाचताना ‘व्हिक्च्युअल्स’ (victuals) असा दिसणारा एक शब्द पानोपानी भेटतो. शब्दकोश ‘अन्न’ एवढेच सांगून मोकळा होतो. उच्चार ऐकावा तर तो भलताच, ‘व्हिटल्स’. मग मधली सी आणि यू ही अक्षरे कशासाठी? शब्द आला कुठून? आणि मराठीत अनुवाद करताना त्याला काय म्हणायचे?

मी याच काळातल्या इंग्रजी कागदपत्रांचे मराठी करते, त्यामुळे हा शब्द माझ्या रोजच्या कामातला आहे. मला तो मनापासून आवडतोही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी उच्चार. तो ‘व्हिटल्स’ असाच आहे, ‘लिटल’शी यमक जुळेल असा. क्रियापद ‘व्हिटल’, पुरवठा करणारा तो ‘व्हिटलर’ आणि त्या सगळ्या कामाला ‘व्हिटलिंग’. लिहिताना मात्र सगळीकडे ती दोन अक्षरे हजर असतात. बहुतेकांना वाटते की शिकलेले लोक ‘व्हिक्च्युअल्स’ म्हणत असणार आणि गावंढळ लोकांनी त्याचे ‘व्हिटल्स’ केले असणार. झाले आहे नेमके उलट. ‘व्हिटल्स’ हा जुना, अस्सल उच्चार. ‘व्हिक्च्युअल्स’ हे वरून चढवलेले लेखन.

शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर स्वयंपाकघर, न्यायालय, सैन्य यांतले शेकडो शब्द फ्रेंचमधून आले, त्यांतलाच हा. जुन्या फ्रेंचमध्ये तो ‘व्हिताय’च्या जवळपास उच्चारला जाई, आणि त्याच्या लेखनात ‘सी’चा पत्ता नव्हता. इंग्रजीत तो साधारण १३०० पासून दिसतो. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर या इंग्रज कवीने ‘कँटरबरी टेल्स’ लिहिल्या. त्यात लंडनजवळच्या साउदर्क इथल्या सरायचा मालक यात्रेकरूंना उत्तम खाऊ घालतो, आणि त्या ओळीत चॉसर हाच शब्द वापरतो, तोही ‘सी’शिवाय. म्हणजे तेव्हाचे लेखन उच्चाराला धरून होते.

फ्रेंच शब्द उच्चारताना जोर शेवटच्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या शेवटच्या उच्चारखंडावर असे. इंग्रजी जिभेने तो हळूहळू पहिल्यावर आणला, आणि मग मागचा भाग आपोआप आखडला. याला साक्षीदार हवा असेल तर ‘बॅटल’ घ्या. फ्रेंच ‘बाताय’चे इंग्रजीत ‘बॅटल’ झाले. त्याच वाटेने ‘व्हिताय’चे ‘व्हिटल’ झाले. ‘बॅटल’च्या लेखनाला पुढे कोणी हात लावला नाही, म्हणून तो शब्द आज आपल्याला सरळ वाटतो. ‘व्हिटल’चे नशीब तसे नव्हते.

सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या विद्वानांवर लॅटिनचा मोठा पगडा बसला. फ्रान्समधल्या लेखनिकांनी हा उद्योग आधीच सुरू केला होता. फ्रेंचमधून झिजून आलेला शब्द दिसला की मूळ लॅटिन शब्द शोधायचा आणि त्यातली गळून गेलेली अक्षरे पुन्हा बसवायची, अशी ती पद्धत. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ पूर्वी ‘बी’शिवाय लिहिला जाई. लॅटिन ‘देबितुम’ची आठवण म्हणून त्यात ‘बी’ घुसवला. ‘डाउट’मधला ‘बी’ही तसाच, ‘रिसीट’मधला ‘पी’ही, आणि आरोप ठेवणे या अर्थाच्या ‘इंडाइट’मधला ‘सी’ही. शाळेत आपण ज्यांना मुकी अक्षरे म्हणून पाठ केले, त्यांतली बरीच या विद्वानांनी आणून ठेवलेली आहेत. आमच्या शब्दाला लॅटिन ‘व्हिक्तुआलिया’चे सी आणि यू मिळाले ते याच लाटेत.

या दुरुस्तीचा परिणाम सगळ्या शब्दांवर सारखा झाला नाही, आणि मला यातली हीच गोष्ट फार रंजक वाटते. ‘परफेक्ट’ हा शब्द चॉसर ‘पारफित’सारखा लिहितो, त्यात ‘सी’ घातला आणि काही पिढ्यांनी लोक तो बोलूही लागले. न्यायनिवाडा या अर्थाचा ‘व्हर्डिक्ट’ मुळात ‘व्हर्डिट’ होता. तिथेही ‘सी’ जिभेवर चढला. पण ‘डेट’, ‘डाउट’, ‘इंडाइट’ आणि ‘व्हिटल्स’ यांनी दाद दिली नाही. शेक्सपिअरच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात होलोफर्निस नावाचा एक शाळामास्तर आहे. लोक ‘डेट’, ‘डाउट’ म्हणतात, त्यातला ‘बी’ उच्चारत नाहीत, म्हणून तो संतापतो. प्रेक्षक त्याला हसत, म्हणजे १५९० च्या दशकातच सामान्य माणसाचा कौल कुठे होता ते कळते. ‘व्हिटल्स’ टिकला याचे कारण मला तरी असे दिसते की तो रोज तोंडात असलेला शब्द होता. ‘व्हर्डिक्ट’ लोकांना न्यायालयात आणि कागदावर भेटे. ‘व्हिटल्स’ बाजारात, जहाजावर आणि चुलीपाशी. जो शब्द माणूस वाचण्याआधी बोलायला शिकतो, त्याचा उच्चार लेखनाने सहसा हलत नाही.

युरोपात इतरत्र हेच लॅटिन मूळ कसे वागले ते पाहण्यासारखे आहे. फ्रेंचमध्ये विद्वानांचा जय झाला : आज फ्रेंच माणूस ‘व्हिक्त्युआय’ म्हणतो, ‘सी’ स्पष्ट उच्चारून. तरी जुने रूप पूर्ण गेले नाही. रसद पुरवणे याला फ्रेंचमध्ये ‘राव्हितायमाँ’ म्हणतात. त्यात ‘व्हिताय’ तसाच बसलेला आहे. ‘तूर द फ्रान्स’ ही सायकलशर्यत पाहणाऱ्यांनी हा शब्द ऐकलेला असेल, कारण चालत्या सायकलवर स्वारांना खाण्याच्या पिशव्या देतात त्या टप्प्याचे नाव हेच आहे. इटालियनमध्ये ‘व्हेत्तोव्हाल्ये’, स्पॅनिशमध्ये ‘बितुआया’. म्युनिक शहराच्या मधोमध ‘व्हिक्टुआलियनमार्क्ट’ नावाची प्रसिद्ध भाजीबाजाराची पेठ आहे, १८०७ मध्ये राजाच्या आज्ञेने हलवून वसवलेली. म्युनिकला गेलेले मराठी पर्यटक तिथे फोटो काढून येतात, पण पाटीवरचा शब्द आणि इंग्रजीतला ‘व्हिटल्स’ एकच, हे कुणी सांगत नाही.

उत्तर युरोपातला एक दाखला मात्र बाजाराचा नाही, चाच्यांचा आहे. चौदाव्या शतकाच्या शेवटी बाल्टिक समुद्रात ‘व्हितालियनब्र्यूडर’, म्हणजे ‘शिध्याचे भाऊबंद’ म्हणावे अशा नावाची खलाशांची टोळी होती. मेक्लेनबर्गच्या सरदारांनी डेन्मार्कविरुद्धच्या लढाईसाठी त्यांना १३९२ मध्ये हाताशी धरले, आणि वेढ्यात अडकलेल्या स्टॉकहोमला त्यांनी समुद्रातून धान्य पोचवले. त्यावरून हे नाव पडले असे काही अभ्यासक मानतात. दुसरे म्हणतात की पगार नसल्याने ही माणसे आपला शिधा आपणच मिळवत, म्हणजे लुटत, म्हणून ते नाव. युद्ध संपल्यावर ते उघड चाचे झाले. त्यांचा म्होरक्या क्लाउस श्टोर्टेबेकर याचा हॅम्बर्गमध्ये शिरच्छेद झाला, आणि जर्मन किनाऱ्यावर त्याच्या कथा आजही सांगतात.

आता मुळाशी जाऊ. लॅटिनमध्ये ‘व्हीव्हेरे’ म्हणजे जगणे. त्यापासून ‘व्हिक्तुस’, म्हणजे जगण्याचे साधन, उदरनिर्वाह. त्यापासून ‘व्हिक्तुआलिया’, हे अनेकवचन : जगायला लागणाऱ्या वस्तू. इंग्रजी शब्द आजही प्रामुख्याने अनेकवचनी आहे याचे कारण हे. ‘व्हायटल’, ‘व्हिव्हिड’, ‘सर्व्हाइव्ह’, ‘रिव्हाइव्ह’ हे सगळे त्याच घरातले.

आणि हे घर आपल्यालाही परके नाही. लॅटिन ‘व्हीव्हेरे’ आणि संस्कृत ‘जीव्’ हे एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूचे दोन फाटे आहेत. ‘जीव’, ‘जीवन’, ‘उपजीविका’ हे शब्द या इंग्रजी शब्दाचे दूरचे नातलग. ग्रीक ‘बिओस’, ज्यातून ‘बायॉलॉजी’ आली, तोही त्यातलाच, आणि फारसीतून आपल्याकडे आलेला ‘जिंदगी’सुद्धा. अर्थाच्या दृष्टीने ‘उपजीविका’ तर ‘व्हिक्तुस’च्या अगदी शेजारी बसतो.

इथे एक मोह होतो, तो आवरायला हवा. नात्याचा धागा सापडला की लगेच ‘जेवण’ही त्यात ओवावेसे वाटते : जीव, जीवन, जेवण! ऐकायला गोड, पण तसे नाही. मराठी ‘जेवणे’ हे खाणे या अर्थाच्या ‘जेमति’वरून प्राकृतातल्या ‘जेमइ’मार्गे आले आहे, गुजराती ‘जमवुं’ आणि हिंदी ‘जीमना’ ही त्याची भावंडे. त्याचा ‘जीव्’शी संबंध नाही. दुसरा असाच फसवा शेजारी म्हणजे ‘व्हिक्टरी’ आणि ‘व्हिक्टोरिया’. लॅटिनमध्ये जिंकणे म्हणजे ‘व्हिन्केरे’, आणि जिंकलेला या अर्थाचे त्याचे रूपही दिसायला ‘व्हिक्तुस’च. दिसणे सारखे, कुळ वेगळे.

उगम झाला. पण अनुवादकाला जास्त उपयोगी पडतो तो अर्थाचा बारकावा, आणि तो शब्दकोशातल्या ‘अन्न’ या एका शब्दात मावत नाही. ‘व्हिटल्स’ म्हणजे ताटातले अन्न क्वचितच. बहुतेक वेळा तो माणसांच्या एका तुकडीला ठरावीक काळ जगवण्यासाठी साठवलेला, मोजलेला, पुरवलेला साठा असतो. मजकुरात त्याच्या आजूबाजूचे शब्द पाहा. व्हिटल्स ‘भरून घेतात’, ‘पुरवतात’, ते ‘कमी पडतात’, ‘संपतात’, ‘सडतात’. जहाज ‘सहा महिन्यांसाठी व्हिटल केलेले’ असते. किल्ल्यातले व्हिटल्स संपले की शरणागती. चव, रुची, पक्वान्न असे शब्द त्याच्या आसपास फारसे फिरकत नाहीत.

हा अर्थ पक्का झाला तो इंग्रजी आरमारात, आणि म्हणून तिथे जरा थांबते.

सॅम्युअल पीप्स हे नाव रोजनिशीमुळे आपल्याला माहीत असते. पण त्याची खरी नोकरी आरमाराच्या कचेरीत होती, आणि १६६५ मध्ये तो आरमाराच्या व्हिटलिंगचा सर्वेक्षक-प्रमुख झाला. पुढे आपल्या टिपणांत त्याने लिहून ठेवले आहे की इंग्रज माणसाचे, त्यातही खलाशाचे, पोटावर सगळ्यांत जास्त प्रेम असते. त्याच्या व्हिटल्सच्या मापात किंवा चवीत कपात करणे म्हणजे त्याला सर्वांत हळव्या जागी डिवचणे, आणि मग त्याला राजाच्या चाकरीचाच कंटाळा येईल. प्रशासनावरचे इतके शहाणे वाक्य मी फार थोड्या जुन्या कागदांत वाचले आहे. १६७७ च्या करारात प्रत्येक खलाशाला रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन बिअर ठरवून दिली होती. १६८३ पासून १८३२ पर्यंत हे काम स्वतंत्र ‘व्हिटलिंग बोर्डा’कडे होते. लंडनजवळ डेप्टफर्डला त्याचे मुख्य आवार. तिथे बिस्किटे भाजली जात, मांस खारवले जाई, पिंपे बांधली जात. प्लिमथला १८२० च्या दशकात बांधायला घेतलेले ‘रॉयल विल्यम यार्ड’ आजही उभे आहे, धक्क्यालगतच्या भल्यामोठ्या दगडी इमारती. आता तिथे घरे आणि उपाहारगृहे आहेत.

अठराव्या शतकातला एका खलाशाचा आठवड्याचा शिधा असा होता : सात पौंड बिस्किट, सात गॅलन बिअर, चार पौंड खारवलेले गोमांस, दोन पौंड डुकराचे मांस, दोन पिंट वाटाणे, तीन पिंट ओटचे भरड पीठ, सहा औंस लोणी आणि बारा औंस चीज. बिस्किट म्हणजे चहात बुडवायचे नव्हे. पीठ आणि पाणी यांची कडक भाजलेली जाड वडी, दात लागणार नाही अशी. ती महिनोन्महिने टिके म्हणून तिचा मान. लांबच्या सफरीत बिअर टिकत नसे, मग वाइन, ब्रँडी किंवा रम. आणि आपल्याकडच्या समुद्रात आल्यावर बिअरऐवजी अरक आणि वाटाण्यांऐवजी तांदूळही चाले.

याच शिध्याच्या वेळापत्रकात आपला एक शब्द जाऊन बसला आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे तीन दिवस खलाशांना मांस मिळत नसे. या दिवसांना इंग्रजी आरमारात ‘बॅन्यन डेज’ म्हणत. पश्चिम किनाऱ्यावर, सुरतेच्या बाजूला, इंग्रजांची गाठ गुजराती वाण्यांशी पडली. ‘वाणिया’चे पोर्तुगीज आणि इंग्रज तोंडी ‘बॅन्यन’ झाले होते. हे लोक मांसाला शिवत नाहीत हे पाहून खलाशांनी आपल्या बिनमांसाच्या दिवसांना त्यांचे नाव दिले. पुढे शिध्याची पद्धत बदलली, नाव राहिले, आणि अर्थ मात्र पार फिरला : आजच्या ब्रिटिश आरमारात ‘बॅन्यन’ म्हणजे किनाऱ्यावर उतरून केलेली मेजवानी, बहुधा मांस भाजून. जुन्या जहाजी रोजनिशीत हा शब्द भेटला तर तो वडाचे झाड समजू नका. वडाला इंग्रजीत ‘बॅन्यन’ म्हणतात तेही या वाण्यांवरूनच, पण तो प्रसंग वेगळा.

व्हिटल्स मोजलेले असतात असे वर म्हटले, त्याचा सर्वांत टोकदार पुरावा १७९७ चा आहे. जहाजावर शिधा वाटणारा अधिकारी म्हणजे पर्सर. साठवणुकीत सांडलवंड, नासाडी व्हायची म्हणून त्याला प्रत्येक पौंडामागे आठवा हिस्सा कापायची मुभा होती. म्हणजे किनाऱ्यावर पौंड सोळा औंसांचा आणि खलाशाच्या पदरात पडणारा पौंड चौदा औंसांचा. नासाडी झाली नाही तर उरलेले कुणाच्या खिशात जाई ते सांगायला नको. त्या वर्षी एप्रिलमध्ये पोर्ट्समथजवळ स्पिटहेडला नांगरलेल्या आरमाराने काम थांबवले. पगारवाढीच्या मागणीला लागूनच दुसरी मागणी होती : आमचा पौंड सोळा औंसांचा करा. फ्रान्सशी युद्ध चालू होते, सरकारला नमावे लागले आणि ती मागणी मान्य झाली. पीप्सचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे म्हणणे इथे शब्दशः खरे ठरले. या प्रसंगाचा अनुवाद करताना ‘जेवण’ हा शब्द घातला तर सगळा मुद्दाच जातो. खलाशांची तक्रार मापाची होती, आणि माप शिध्याला असते.

आरमारातून हा शब्द आपल्या देशातही आला आणि सरकारी नावात टिकला. भारतीय नौदलाची मुंबई, कोची आणि विशाखापट्टणम इथली अन्नसामग्रीची भांडारे आजही ‘बेस व्हिटलिंग यार्ड’ याच नावाने ओळखली जातात. निविदांच्या जाहिरातींत ते नाव दिसते. सी आणि यू जागच्या जागी.

‘व्हिटलर’ची गोष्ट थोडक्यात. मुळात तो सैन्याला किंवा जहाजांना सामान पुरवणारा, नंतर खाणेपिणे विकणारा. इंग्लंडमध्ये दारूविक्रीचा परवाना असलेल्या पबवाल्याचे औपचारिक नाव ‘लायसन्स्ड व्हिटलर’ असे पडले. या मंडळींची संघटना चांगलीच तगडी होती. १७९४ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘मॉर्निंग अ‍ॅडव्हर्टायझर’ नावाचे वृत्तपत्रही काढले. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या कागदात ‘व्हिटलर’ आला तर आधी प्रसंग बघा : छावणीतला की नाक्यावरचा.

मग हा शब्द जुनाट कधी झाला? १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो पूर्ण गंभीर आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाच भाकरींच्या प्रसंगात, शिष्य म्हणतात की लोकांना गावांत जाऊन व्हिटल्स विकत घेऊ द्या. पुढे सुशिक्षित बोलण्यात ‘फूड’ आणि ‘प्रोव्हिजन्स’ यांनी त्याची जागा घेतली. उरला तो खेड्यांत, जहाजांवर आणि गोरगरिबांच्या तोंडी. १८६०-६१ मध्ये डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या सुरुवातीला दफनभूमीत पळालेला कैदी लहानग्या पिपला धरतो आणि कानस आणि ‘विटल्स’ आणायला बजावतो. डिकन्सने इथे ‘व्ही’ऐवजी ‘डब्ल्यू’ लिहिले आहे, कारण तेव्हाच्या लंडनच्या खालच्या वर्गाच्या बोलीत व्ह आणि व यांची अदलाबदल होई. पिप घरातून जे चोरून नेतो त्यात पाव, चीज, ब्रँडी आणि ‘पोर्क पाय’ (डुकराचे मांस पिठाच्या पारीत भरून भाजलेला पदार्थ) असते. म्हणजे इथे शब्दाचा अर्थ ‘जीव तगवील असे काहीही’ इतका मूळचा झाला आहे.

अमेरिकेत उच्चाराप्रमाणे लिहिलेले रूप, मध्ये दोन ‘टी’ असलेले, जास्त रूढ झाले, आणि त्याला गावाकडच्या, घरगुती खाण्याची छटा आली. त्याच रूपाने विसाव्या शतकात एक फार मोठे काम केले. जून १९४८ मध्ये सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून जास्त लोक अडकले. अमेरिका आणि ब्रिटन यांनी विमानांनी शहर जगवायचे ठरवले. अमेरिकी मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन व्हिटल्स’. ब्रिटिशांनी आपल्या बाजूला नाव दिले ‘प्लेनफेअर’, आणि ‘फेअर’ हाही खाण्यापिण्यासाठीचा जुना शब्द. नाकेबंदी मे १९४९ मध्ये उठली, विमाने सप्टेंबरअखेरपर्यंत चालू राहिली. तोवर सुमारे २३ लाख टन सामान पोचवले गेले, त्यातला बराच मोठा भाग कोळसा. गेल हॅल्व्होर्सन हा वैमानिक रुमालांच्या छत्र्या करून मुलांसाठी चॉकलेटे टाकत असे. त्या कामाला ‘लिटल व्हिटल्स’ म्हटले गेले. वेढा, साठा आणि जगवणे, ही शब्दाची तिन्ही जुनी अंगे या एका मोहिमेत एकत्र आलेली दिसतात. ज्याने हे नाव सुचवले असेल त्याला भाषेचा कान होता.

आता मराठीचे. माझा पहिला पर्याय ‘शिधा’. हा शब्द आपल्याकडे जिवंत आहे : शिधापत्रिका, शिधावाटप, आणि २०२२ च्या दिवाळीपासून राज्य सरकारने सुरू केलेला ‘आनंदाचा शिधा’, ज्यात रवा, चणाडाळ, साखर आणि तेल शंभर रुपयांत मिळे. मोजून, माणशी किंवा घराशी ठरवून दिलेले, हा भाव त्यात आहे, आणि आरमारी कागदांत तोच हवा असतो. एक मर्यादा लक्षात ठेवा : आपला शिधा कोरडा, न शिजवलेला असतो. व्हिटल्समध्ये बिअर येते, भाजलेली बिस्किटे येतात. तिथे ‘शिधापाणी’ किंवा ‘शिधासामग्री’ केले की भागते. वेढा, गड, फौज असेल तर ‘रसद’ किंवा ‘दाणागोटा’. ‘जहाज आठ महिन्यांसाठी व्हिटल केले’ याचे ‘जहाजावर आठ महिन्यांचा शिधा भरला’ इतके साधे करा. ‘अन्नपुरवठा करण्यात आला’ असले सरकारी वळण नको. सैन्याच्या व्हिटलरला, प्रसंग मराठी वाचकाच्या ओळखीचा असेल तर, ‘मोदी’ चालेल. मोदीखाना हा शब्द आपल्या जुन्या कागदांत आहेच. पबवाल्याला ‘पबवाला’ म्हणा आणि परवान्याचा उल्लेख वाक्यात करा. बायबलच्या संदर्भात ‘अन्न’ किंवा ‘खायला काही’. आणि डिकन्सचा कैदी बोलत असेल तेव्हा ‘शिधा’ म्हणू नका, तो उपाशी आहे. ‘खायला आण काय तरी’ अशा बोलीतच त्याचा आवाज येतो. संस्थेचे नाव देवनागरीत लिहायचे असेल तर ‘व्हिटलिंग बोर्ड’ असे उच्चाराप्रमाणे लिहा.

स्वतः इंग्रजीत लिहिताना मात्र हा शब्द टाळा. आजच्या इंग्रजीत तो इतिहासाच्या पुस्तकात, आरमारात किंवा थट्टेने वापरतात. हॉटेलातल्या जेवणाबद्दल गंभीरपणे वापरला तर वाचक बुचकळ्यात पडेल.

याच कागदांत त्याचे सोबती भेटतील, त्यांच्याबद्दल दोन शब्द. ‘व्हायंड्स’ हाही ‘व्हीव्हेरे’च्याच कुळातला, पण त्याला थाटाची छटा आहे, तिथे ‘पक्वान्ने’ जवळचे. ‘प्रॉव्हेंडर’ म्हणजे बहुधा जनावरांचे खाणे, दाणावैरण. आणि सर्वांत जपायचा तो ‘मीट’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मांस नव्हता. कुठलेही अन्न म्हणजे ‘मीट’, आणि मिठाईला ‘स्वीटमीट’ म्हणतात ते त्यामुळेच. १६११ च्या बायबलमध्ये उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला बीज देणारी वनस्पती आणि फळझाडे ‘मीट’ म्हणून देतो. तिथे एखाद्या अनुवादकाने मांस लिहिले, तर वाक्य उलटे होते.